हनुवटी आधी

खोली बघायला गेले तेव्हा काकाजींनी मला आडनाव विचारलं नाही. एकोडीच्या शाळेत मी नुकतीच लागले होते, आसगावहून रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं आणि खोलीसाठी सगळं गाव पालथं घालून झालं होतं. सगळीकडे तोच खाक्या. आधी 'या मॅडम, बसा', मग पाणी, मग आडनाव. आडनाव ऐकलं की त्या घरातल्या कुठल्या तरी भाच्याला एकदम शिकायची हुक्की यायची आणि खोली नेमकी त्याच्यासाठी राखलेली निघायची. त्या वर्षी एकोडीत इतके भाचे येणार होते की शाळेला आणखी एक तुकडी काढावी लागली असती.

काकाजींनी मात्र दारातच विचारलं, "मास्तरीनबाई, पावडरनं शिंका येते का तुमाले?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग आना सामान."

सामान घेऊन आत शिरले आणि बापा, तशीच उलट्या पावली मागं सरले! ओसरीच्या आतल्या भिंतीला फळ्या ठोकलेल्या आणि फळ्यांवर ओळीनं डोकी. काळी, हिरवट, राखाडी डोकी, प्रत्येकाला दोन गोल काचेचे डोळे आणि खाली सोंड. सगळी माझ्याकडे बघताहेत. आतून एक ठेंगणी बाई, म्हणजे काकू, पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "भेऊ नोको बाई. आतमंधी लवकी हाय."

ते गॅस मास्क होते. लढाईत विषारी धूर सोडला तर शिपायानं तोंडावर चढवायचे जुने रबरी मास्क. कामठीच्या भंगारातून, नागपूरच्या जुन्या बाजारातून, कुठून कुठून आणलेले. काकाजी फौजेत हवालदार होते, घरी परत आल्यावर त्यांना हा नाद लागला. आणि प्रत्येक मास्कच्या आत खरंच एकेक लवकी, म्हणजे वाळलेला दुधी होता. रबर चिकटू नये म्हणून त्याला पावडर लावायची, आणि मास्क घडी करून ठेवला तर ते तडकतं, म्हणून त्याला आत डोकं लागतं. लाकडाचं डोकं कोण कोरणार? काकाजींनी परसात वेल लावला, तो कवेलूच्या छपरावर चढवला, आणि कोवळ्या दुध्यांना कापडी पट्ट्या बांधून माणसाच्या डोक्याचा आकार द्यायला सुरुवात केली. वेलावर लटकलेल्या एकेका दुधीकडे बोट दाखवून सांगायचे, "हा मेजर साहेब. हा अजून शिपाईच हाय, पण चढंल." काकू माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या. "लोकं भाजीले वेल लावते. हे डोक्यायले लावते. लग्न होऊन आली तवापासून घरच्या लवकीची भाजी खाल्ली नाही मी."

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोन-चार वर्षं झाली होती. गावात चर्चा असायची, अमकी कचेरी तिकडे गेली, तमका साहेब इकडे राहिला. काकाजींचं दुःख निराळंच. "माह्ये अर्धे भंगारवाले गोंदियात गेले ना!" असं म्हणायचे, जसं काही मधे तारेचं कुंपण पडलं आणि आता व्हिसा काढावा लागणार.

जातीनं ते ढिवर. वडील तलावात मासे धरायचे आणि शिंगाडे काढायचे. पण सकाळी मी शाळेत निघाले की ते अंगणातून 'जय भीम, मास्तरीन' म्हणायचे आणि मी 'राम राम, काकाजी' म्हणायची. हे कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तसं झालं आणि मग तसंच चालत राहिलं.

त्यांना नाद का लागला, हे विचारायची सोय नव्हती. विचारणारा जेवढा नवा तेवढी गोष्ट नवी. पोस्टमनला सांगितलं की लढाई पुन्हा होणार आहे. सरपंचाला सांगितलं की डास चावत नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बंदूक दुसऱ्याले माराले बनवते. तोफ बी तशीच. अख्ख्या फौजेत हे एकच सामान हाय जे आपल्या माणसाचा दम टिकवाले बनवलं."

"अन् हेल्मेट?" काकू आतून ओरडल्या. "अन् बूट?"

"तू चूप राय वं."

मास्क चढवायचा एक कायदा असतो. आधी हनुवटी आत घालायची, मगच डोक्यामागचे पट्टे ओढायचे. पट्टे आधी ओढले की खालून फट राहते आणि तिथून विष शिरतं. "हनुवटी आधी!" हे वाक्य त्यांनी फौजेतून आणलं आणि ते कुठंही वापरायचे. मी साकोलीला अर्ज घेऊन निघाले की हनुवटी आधी. काकू शेजारणीशी भांडायला निघाल्या की हनुवटी आधी. एकदा जेवताना मी ताटात डोकं घालून मुकाट जेवत होते, तर समोरून आवाज आला, "मास्तरीन, हनुवटी." म्हणजे तोंड वर कर आणि काय झालं ते सांग.

मात्र मास्क घालून श्वास घ्यायला त्यांनी कोणाला कधी दिला नाही. शाळेतली पोट्टी यायची, हात लावून बघायची, पण तोंडाला लावलेला दिसला की काकाजी काठी घेऊन धावायचे. सोंडेच्या टोकाला हवा गाळायचा जुना डबा असतो, त्यात काय भरलेलं होतं कोणाला माहीत, तो फुप्फुसाचा वैरी, असं त्यांचं म्हणणं. डबे त्यांनी काढून वेगळे पुरून टाकले होते, तरी त्यांना भरवसा नव्हता. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत नाटकवाले आले, म्हणाले राक्षसाच्या पार्टाला एक मुखवटा द्या, बढिया दिसंल. काकाजी म्हणाले, "हा जीव वाचवणारा हाय. राक्षसाचं काम नाही करत हा." नाटकवाल्यांना वाटलं म्हातारा जास्तीचं मानधन मागतोय.

आणि तो दिघोरीचा बैल! तो प्रसंग सांगितल्याशिवाय काकाजी पुरे होत नाहीत. कोणाच्या तरी तेरवीला ते दिघोरीला गेले होते. तिथं एका खळ्यावर बैल धान तुडवत होते, आणि त्यातल्या एकाच्या तोंडाला मुसकं होतं. बैलानं धान खाऊ नये म्हणून जाळीचं बांधतात ते मुसकं. हे मात्र जाड कापडाचं, शेणानं माखलेलं. काकाजी जेवणाच्या पंगतीतून उठले आणि बैलाच्या मागे मागे गोल फिरू लागले. तो घोड्याचा गॅस मास्क होता! पहिल्या महायुद्धात घोड्यांनाही मास्क असायचे. त्या शेतकऱ्याच्या आज्यानं मिलिटरीच्या लिलावातून चांगलं मजबूत मुसकं म्हणून तो आणला होता आणि तीन पिढ्यांचे बैल तो घालून राबले होते.

शेतकरी म्हणे, "नेजा ना भाऊ, पण माहा बैल दुसऱ्यामंधी तोंड नाही घालत."

काकूंनी पोत्याचं तसंच्या तसं शिवून दिलं. बैलानं मान फिरवली. काकाजी परत आले, आत गुळाचा खडा ठेवून पुन्हा गेले. बैलानं गूळ खाल्ला आणि मान फिरवली. शेवटी काकाजींनी ते पोत्याचं मुसकं स्वतःच्या तोंडावर चढवलं, आधी हनुवटी, मग दोरी, आणि बैलासमोर शांतपणे उभे राहिले. अख्खं खळं हसून लोळलं. बैल मात्र विचारात पडला आणि थोड्या वेळानं त्यानं तोंड पुढं केलं. हे मला दिघोरीच्याच एका बाईनं सांगितलं, काकाजींनी नाही. ते एवढंच म्हणायचे, "समजदार जनावर होतं."

एकदा ते नागपूरला डोळा दाखवायला गेले असताना काकूंनी प्रेमानं एका मास्कला मोहाचं तेल चोळलं, जसं बैलाच्या पट्ट्याला चोळतात तसं. रबराला तेल म्हणजे जहर. चारच दिवसांत तो चिकट होऊन बसला, वर माश्या. आम्ही दोघी तो पुसत बसलो. काकाजींनी येऊन बघितलं आणि तो उचलून मधल्या फळीवर ठेवला. पाहुण्यांना सांगायचे, "हा जर्मन, हा इंग्रज, अन् हा आमचा घरचा."

आता माझं सांगते. मला दमा आहे, लहानपणापासून. धुळीचे, कोंड्याचे दिवस आले की छातीत मांजर बसतं. डॉक्टरनं पंप दिला होता, तो निळा, दाबून तोंडात फवारा मारायचा. आईनं त्या दिवसापासून एकच घोकलं, "कोणाले दाखवू नोको. पंप लागला मंजे पोरगी बिमार. कोन करंल मंग?" त्यामुळे मी पंप चोरासारखा वापरायची. शाळेत संडासात, घरी न्हाणीच्या मागं. झटकन तोंडात घालायचा, दाबायचा, लपवायचा. अर्धं औषध जिभेवर, अर्धं हवेत. दम काही जायचा नाही, पण नोकरी होती, वय लग्नाचं होतं, आणि हे गुपित फुटलं तर सगळंच मुसळ केरात, असं मला खरंच वाटायचं.

एका सकाळी न्हाणीमागून आले तर काकाजी समोर.

"मास्तरीन, कोणतं मॉडेल हाय?"

"काय?"

"व्हॉल्व्हचा आवाज आला ना. बारीक हाय. कोणतं मॉडेल?"

आजार कोणता, असं विचारलं असतं तर मी रडले असते. मॉडेल विचारल्यावर काय करणार? पदराखालून काढून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-पालटा केला, झाकण उघडून मिटून बघितलं आणि त्यांचे डोळे असे चमकले की काय सांगू. "किती लहान केलं वं ह्यायनं! खिशात मावते!" पहिल्यांदा कोणीतरी त्या पंपाचं कौतुक केलं होतं. त्या दिवसापासून मास्कांना पावडर लावायचं काम ओसरीतून गोठ्यात गेलं. मला त्यांनी एका शब्दानं सांगितलं नाही. गोठ्यात पांढऱ्या धुरळ्यात बसलेले दिसले तेव्हा मला कळलं.

मग कवायत सुरू झाली. काकाजी साकोलीच्या औषधवाल्याला विचारून आले आणि अंगणात उभं केलं मला. पंप हलवायचा, आतली हवा पूर्ण सोडायची, हनुवटी वर, दाबता दाबता सावकाश ओढायचं, आणि दम धरून ठेवायचा. "धर. धर. ढिवराचं पोट्टं शिंगाडे काढाले डुबकी मारते तवा काय करते? वर यायची घाई नाही करत." मी धरायची. ते पण माझ्यासोबत गाल फुगवून धरायचे. काकू दारातून म्हणायच्या, "सोडा आता, नाही तं दोघंबी जासाल."

महिन्याभरात रात्री झोप लागू लागली. माझ्या आयुष्यात ही केवढी मोठी गोष्ट होती, ते ज्याला रोज झोप लागते त्याला नाही कळणार.

त्याच वर्षी मला बघायला पाहुणे यायचे ठरले. मुलगा साकोलीत नोकरीला होता, त्यांना एकोडी जवळ, म्हणून काकू म्हणाल्या इथंच करा कार्यक्रम. आई-बाबा आदल्या दिवशीच आले. आईनं आल्या आल्या पंप माझ्याकडून मागून घेतला आणि आपल्या पिशवीत, कपड्यांच्या घड्यांखाली ठेवला. "उद्या पाहुणे जाईपर्यंत माह्यापाशी राहू दे."

संध्याकाळी काकाजी अंगणात खाटेवर बसले होते. मी जवळ जाऊन बसले. ते म्हणाले, "खरी गोष्ट सांगू का तुले? हे कायले जमा करून राहिलो ते?" आणि त्यांनी सांगितलं. भरती झाल्यावर एका बंद खोलीत धूर सोडून शिपायांना मास्क घालून आत पाठवतात. काकाजींनी घाईत पट्टे आधी ओढले. खालून फट राहिली. आत धूर शिरू लागला. हात वर केला की बाहेर काढतात, पण हात वर कसा करायचा? बाकी सगळे उभे आहेत, हसतील ना! उभे राहिले, आणि उभ्या उभ्या पडले. उस्तादानं पाय धरून ओढत बाहेर आणलं आणि शुद्धीवर आल्यावर दोन कानफटात मारल्या. "म्हणे, धुरानं नाही मरत होतास तू. लाजेनं मरत होतास." काकाजींनी ओसरीकडे हात केला. "तवापासून ह्या सामानाले मी फार मानतो."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, मावशी. आणि त्याच दिवशी शेजारच्या खळ्यात मळणीचं यंत्र लागलं. धानाचा कोंडा उडून दारातून आत. चहा घेऊन आले तोवर छाती आवळायला लागली होती. मावशींनी नाव विचारलं, सांगितलं. शिक्षण विचारलं, दोन शब्दांत सांगितलं. तिसरा शब्द निघेना. मावशी कौतुकानं म्हणाल्या, "लाजाळू दिसते पोरगी." आई जोरात म्हणाली, "हो, लहानपणापासून कमीच बोलते." मी आणि कमी बोलते! बाबा खाली बघत होते. मला समोरच्या भिंतीवरच्या काचा दिसत होत्या, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे, आणि माझ्या छातीची शिट्टी माझ्याच कानात वाजत होती.

मुलाच्या वडिलांनी बोलायचं म्हणून काकाजींना विचारलं, "हे एवढे मास्क, चालते काय अजून?"

काकाजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. म्हणाले, "नाही जी. एकबी नाही चालत. सगळे मेलेले हाय." मग आईकडे वळले. "ह्या घरात चालू असा एकच हाय. तो ह्या वहिनीच्या पिशवीत हाय."

कोणालाच काही समजलं नाही. आईला समजलं. तिनं पिशवी छातीशी धरली. काकाजी पिशवीला हात लावायला गेले नाहीत. फक्त माझ्याकडे बघितलं आणि अंगणात म्हणायचे तसंच, हळू म्हणाले, "हनुवटी आधी, मास्तरीन."

मी हात पुढे केला. "आई, दे."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दिला तिनं. मी सगळ्यांसमोर पंप हलवला, हवा सोडली, मान वर केली, दाबला, ओढला आणि दम धरला. काकू नंतर सांगायच्या की त्या मावशीनंसुद्धा नकळत दम धरला होता. मग मी श्वास सोडला आणि म्हणाले, "मला दमा आहे. हे औषध घेतलं की मी बरी असते. विचारा आता काय विचारायचं ते."

नकार आला. गोड शब्दांत आला, 'योग नाही' म्हणून, पण आला. आई काकाजींवर इतकी चिडली की खोली बदल म्हणून माझ्यामागे लागली. "त्या म्हाताऱ्यानं माह्या पोरीचं वाटोळं केलं," म्हणायची. बाबा एवढंच बोलले, "पोरगी श्वास घेऊन राहिली ना? मंग?" मी खोली बदलली नाही.

काकाजी मात्र कोमेजले. जय भीम म्हणायचे, पण पुढं काही नाही. हनुवटीचं नावही नाही. मग एके दिवशी शाळेतून आले तर घरात वेगळाच वास. काकूंनी पान वाढलं, त्यात दुधीची भाजी! चण्याची डाळ घालून. वर बघितलं तर वेलावरचा मेजर साहेब गायब. काकाजी ताटात डोकं घालून जेवत होते.

"काकाजी," मी म्हटलं, "हनुवटी."

त्यांनी मान वर केली. "मी चुकलो का वं?"

"नाही," मी म्हटलं, आणि दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

त्यानंतर बघायला आलेल्या लाखांदूरकडच्या मुलाला मी चहाच्या आधी पंप दाखवला. त्यानं तो बघितला आणि विचारलं, "संपला तर कुठं मिळते? लाखांदूरले मिळंल काय?" त्याच्याशीच माझं लग्न झालं आणि पंप लाखांदूरला मिळतो. संपलेला पंप मात्र मी फेकत नसे. काकाजींची ताकीद होती, एकोडीला आले की आणून द्यायचा. खालच्या फळीवर त्यांची रांग लागली होती, पावडर लावून, आणि काकाजी त्यांना 'नवी पलटन' म्हणायचे.

ते गेले तेव्हा निरोप मिळताच आम्ही निघालो. घर माणसांनी भरलेलं. अंगणात गोवऱ्यांचा धूर, ऊद, बायांचा आकांत. भिंतीवर सगळी डोकी जागच्या जागी, खाली माझी पलटन. मी काकाजींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठताना कळलं, छाती बंद झालीय. मी रडत होते की घुसमटत होते, मला वेगळं करता येईना. पिशवीत हात घातला. मेलेल्या माणसासमोर, एवढ्या लोकांत, औषध काय तोंडात घालायचं, असं मनात येऊन हात तिथंच थांबला.

काकू त्यांच्या उशाशी बसल्या होत्या, दोन्हीकडून बायांनी धरलेलं. त्यांनी माझा हात थांबलेला बघितला. रडणं एका क्षणात तोडलं आणि काकाजींच्या आवाजात, खणखणीत ओरडल्या, "हनुवटी आधी वं, मास्तरीन!"

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. मी मान वर केली, पंप दाबला. समोर काकूंनीही काकाजींसारखे गाल फुगवून दम धरला होता, त्यांनी तो सोडेपर्यंत मी माझा धरून ठेवला.